नळाजवळची डेलिया मॉर्न

जर्मनीला जाऊन आलेल्या माणसाने निदान एक किल्ला, एक कॅथीड्रल आणि एक मोटारींचं संग्रहालय पाहिलेलं असावं, अशी सांगलीत अपेक्षा असते. मी परतलो तेव्हा मंडळी चहाला आली. माझ्याकडे सांगायला एक लोकरीचं दुकान होतं, तेही बंद पडलेलं, आणि एक कबर होती, तीही जागेवर नसलेली. मंडळींनी चहा घेतला, जावयाच्या पगाराची चौकशी केली आणि ती निघून गेली. म्हणून सवडीने हे लिहून काढतो आहे.

माझी पत्नी कुमुद चरित्रं लिहायची. मूकपटांच्या काळातल्या हॉलिवूडच्या नट्यांची, सांगलीत बसून. लोकांना ह्यात काही विसंगत वाटायचं, तिला नाही. "संतांची चरित्रं लिहिणारे काय वैकुंठाला जाऊन येतात?" ती विचारायची. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. रद्दीत निघालेली जुनी इंग्रजी मासिकं मी तिला आणून द्यायचो. तिच्याकडे एक भिंग होतं आणि अमर्याद आत्मविश्वास होता. नटीच्या फोटोवर भिंग धरून ती दुपारभर बसायची आणि मग लिहायची, 'त्या रात्री ती झोपली नाही.'

"तुला काय माहीत ती झोपली नाही?"

"डोळ्यांखाली बघ की जरा. ग्रंथपाल ना तू?"

तिच्या नट्या पावसाळी रात्री जन्मत आणि हॉटेलच्या एकाकी खोलीत मरत. मधल्या काळात लग्नं करत. ह्या क्रमात फरक पडलेला वाचकांना आवडत नसे, आणि प्रकाशकांना तर मुळीच नाही. सांगली-मिरज भागातल्या कितीतरी घरांत दुपारच्या वेळी पदराला डोळे पुसले गेले आहेत, ते अशा बायकांसाठी की ज्यांचा एकही सिनेमा त्या घरांत कुणी पाहिलेला नाही.

तिची शेवटची नटी डेलिया मॉर्न. मूळची जर्मन, नाव हेडविग क्नोब्लाऊख. क्नोब्लाऊख म्हणजे लसूण, त्यामुळे स्टुडिओने नाव बदललं. आपल्याकडे भोपळे आडनावाचे हेडमास्तर असतात आणि कुणी हसत नाही, पण हॉलिवूडला तेवढी पोच नव्हती. बोलपट आले, बाईंचे उच्चार कुणाला समजेनात आणि त्या मायदेशी परतल्या. एवढ्यावर मासिकं गप्प झाली. कुमुदही तिथेच अडली. "हिचा शेवट मला दिसतच नाही रे," आजारपणात ती म्हणायची. "म्हातारपणीचा एक फोटो मिळाला असता तर लिहून टाकलं असतं." फोटो मिळाला नाही. शेवटचं प्रकरण राहिलं आणि कुमुद गेली.

प्रकाशक भेटायला आले. डोळे टिपून झाल्यावर म्हणाले, "सर, वर्षश्राद्धाच्या आत पुस्तक काढू. शेवट तुम्हीच लिहा. हॉटेलची खोली, खिडकीवर पाऊस, उशाशी जुना फोटो. वहिनींचं ते ठरलेलंच असायचं."

ह्या नटीचं ते ठरलेलं नव्हतं. मला जर्मनीला जाऊन डेलिया कुठे आणि कशी मेली ते पाहायचं होतं. आणखी एक होतं, ते प्रकाशकांना सांगता आलं नाही. पुस्तक अपुरं होतं तोवर कुमुदचं टेबल आवरावं लागणार नव्हतं.

ड्रेस्डेन

आमची मुलगी गौरी ड्रेस्डेनच्या विद्यापीठात पीएचडी करायला गेली आणि तिथलीच झाली. जावई सुमेध चिप्सच्या कारखान्यात आहे. सांगलीत हे सांगितलं की लोक बटाट्याचा भाव विचारतात.

हे २०१६ सालचं सांगतो आहे. मे महिना होता आणि सगळा देश श्पार्गेल खात होता. श्पार्गेल म्हणजे पांढरी शतावरी. शेवग्याच्या शेंगेचा आजारातून उठलेला चुलतभाऊ म्हटलं तरी चालेल. तो उकडतात, उकडलेल्या बटाट्यांशेजारी निजवतात आणि वर पिवळा सॉस घालतात. आपण आंब्याबद्दल जसं बोलतो तसं हे लोक त्याच्याबद्दल डोळे मिटून बोलतात. मीही डोळे मिटून खाल्ला.

पहिल्या रविवारी मी रिकाम्या बाटल्या टाकायला निघालो तर सुमेध जिन्यात आडवा आला.

"बाबा, आज नको. रविवारी काच टाकायची नसते. आवाज होतो."

"मग हळू टाकतो."

"अहो, हळू टाकली तरी रविवारच असतो ना! खालचे आजोबा खिडकीतच बसलेत. ते तोंडाने काही बोलणार नाहीत, दारावर चिठ्ठी लावतील. आणि हिरवी बाटली तपकिरी डब्यात टाकलीत तर दोन चिठ्ठ्या."

एका बाबतीत मात्र मी ह्या देशाचा ऋणी आहे. इथे माणूस गप्प बसला तर त्याला काय झालंय असं कुणी विचारत नाही. ट्रॅममध्ये, बागेत, जेवणाच्या टेबलावरही गप्प राहणं ही सभ्यता समजतात. सांगलीत ही सोय मला कुमुद गेल्यापासून मिळाली नव्हती. तिथे भाजीवालासुद्धा सांत्वन केल्याशिवाय कोथिंबीर देत नव्हता.

डॉक्टर लिंडनर यांच्याकडे

डेलियाचं गाव ड्रेस्डेनहून ट्रेनने तासाभरावर आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे डॉक्टर लिंडनर राहतात आणि आपल्या आधी कुणी ते छापलं तर त्यांना आवडणार नाही. ते निवृत्त शिक्षक, डेलियाचे जर्मनीतले एकमेव चरित्रकार. गौरीने फेब्रुवारीत ईमेल पाठवली होती. त्यांनी उलट टपाली मे महिन्यातल्या एका मंगळवारचा, दुपारी तीनचा टेर्मिन दिला. टेर्मिन म्हणजे भेटीची वेळ, पण आपला मुहूर्त त्यापेक्षा लवचिक असतो.

आम्ही जरा लवकर पोचलो. गौरी म्हणाली, "नको बाबा, लवकर गेलेलंही चालत नाही," आणि आम्ही त्यांच्याच फाटकासमोर उभे राहिलो. डॉक्टर पडद्याआडून आम्हाला पाहत होते. तीन वाजता त्यांनी दार उघडलं आणि आम्ही आत्ताच आलो असं समजून आनंद व्यक्त केला.

घरातल्या मोठ्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत करडी खोकी होती. प्रत्येकावर सुवाच्य चिठ्ठी. माझ्यातला ग्रंथपाल अक्षरशः गहिवरला. डॉक्टरांनी स्वतः कॉफी केली आणि आयरशेके नावाचा तीन थरांचा, खरवसाची आठवण करून देणारा केक कापला. तुकडे सारखे होते.

"चरित्र कुठवर आलंय, विचार," मी गौरीला म्हटलं. ती दोन्हीकडचं भाषांतर करत होती.

"आल्झो," गौरी तिथल्या सवयीने म्हणाली, "तर सध्या ती सहा वर्षांची आहे. तिला गोवर आलाय."

"फक्त सहा?"

"हे म्हणतात, गोवर की कांजिण्या ह्यावर दोन मतं आहेत. ते मिटल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

हे काम ते निवृत्तीच्या आधीपासून करत होते. मला कुमुदची आठवण झाली. तिने नटीचं अख्खं बालपण गणपतीच्या सुट्टीत उरकलं असतं, गोवरासकट.

मग त्यांनी आमच्या पुस्तकाचं पहिलं पान ऐकायची इच्छा दाखवली. गौरीने जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. 'ती रात्र पावसाची होती. दाई अजून आली नव्हती.' डॉक्टरांनी एक बोट वर केलं. उठले, शिडी लावली, वरून एक खोकं काढलं आणि आतले कागद चाळून परत खुर्चीत बसले.

"बाबा, त्या आठवड्यात पाऊस नव्हता म्हणतात. पिठाच्या गिरणीवाल्याने हवामानाची नोंद ठेवली होती." गौरीचा आवाज बारीक झाला होता. "आणि ती दुपारी जन्मली. दाई आली होती. दाईचं नावही आहे ह्यांच्याकडे. आता विचारतायत, पावसाला सोर्स काय? काय सांगू?"

मी कॉफीचा एक घोट घेतला. "सांग, परंपरा."

गौरीने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि एका कार्डावर टिपून घेतलं. मी चष्मा सारखा करून वाचलं. त्यांनी लिहिलं होतं, 'मौखिक परंपरा, सांगली.' ते कार्ड त्यांनी खोक्यात ठेवलं. कुमुदचा पाऊस अशा रीतीने जर्मन संशोधनात दाखल झाला. मला हसू आलं, आणि त्यापाठोपाठ दुसरंही काही आलं. मी केककडे पाहत राहिलो.

शेवटी मी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. डेलिया गेली कशी?

"मृत्यू चौथ्या खंडात आहे," गौरीने उत्तर सांगितलं. "ते अजून तिथे पोचले नाहीत."

"पण कबर तर ह्याच गावात असेल?"

कबरीचा पत्ता होता. चर्चच्या दप्तरातून उतरवलेला, विभाग, ओळ आणि क्रमांकासह. दफनभूमी कुठे म्हणून विचारलं तेव्हा डॉक्टरांनी खिडकीतून दिसणाऱ्या झाडांकडे बोट दाखवलं.

"मग ह्यांनी पाहिली असेल ना कबर?"

डॉक्टरांनी सावकाश उत्तर दिलं. गौरीने ते तितक्याच सावकाश मराठीत आणलं. "नाही. सहा वर्षांच्या मुलीची कबर पाहणं हे कामाच्या क्रमात बसत नाही."

दोन चरित्रकार मला आता माहीत होते. एकीने काही न पाहता सगळं लिहिलं. दुसऱ्याने सगळं गोळा केलं आणि खिडकीबाहेर पाहिलं नाही.

दफनभूमी

तिथली दफनभूमी म्हणजे नीटनेटक्या बागांची वसाहत. प्रत्येक कबरीला बुटकं कुंपण, आत हंगामी फुलं, आणि कडेला एखादं पिकलं पान पडलेलं असलं तर शेजारच्या कबरीवाल्यांची करडी नजर. नळाशी हिरव्या झाऱ्या टांगलेल्या होत्या आणि सुपरमार्केटच्या ढकलगाड्यांसारख्या साखळीने बांधलेल्या होत्या. नाणं घातल्याशिवाय झारी सुटत नाही. गौरी नोट मोडून नाणं आणायला फाटकाबाहेरच्या फुलवाल्याकडे गेली.

मी पत्त्याप्रमाणे ओळ मोजत गेलो. जागा नळाजवळच होती. चकचकीत दगड. त्यावर लिहिलं होतं डीटर ब्योमे, जन्म, मृत्यू. त्याखाली उर्सुला ब्योमे, जन्म आणि पुढे कोरी जागा. डेलियाचं नाव कुठेच नव्हतं. पण मी गोंधळलो नाही, आणि चूक झाली ती तिथेच. कुमुदने पुस्तकात डेलियाची तीन लग्नं लावली होती, तेव्हा चौथं निसटलं असेल, ही उर्सुला म्हणजे डेलियाच, असं मला वाटलं. पडद्यावरची बाई नाव बदलते ह्यातही नवल नव्हतं. जन्मसाल जुळत नव्हतं, पण नट्यांची जन्मसालं कधीच जुळत नाहीत असं कुमुदच म्हणायची. आणि मृत्यूची जागा कोरी होती ती कोण करणार पूर्ण, एकाकी बाईच्या मागे?

एकंदरीत कुमुदबरोबर राहून माझंही चरित्रकार व्हायचं राहिलं नव्हतं.

आदल्या दिवशी गौरीच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी सुईदोऱ्याने कार्नेशनच्या फुलांचा हार ओवला होता. पुस्तक पुरं झालं की कुमुद त्या नटीच्या फोटोला हार घालायची. ह्या नटीचा राहिला होता. मी तो दगडाला घातला, नारळाची वडी ठेवली आणि उदबत्ती लावली. हात जोडले. मनात म्हटलं, बाई, कुमुदला यायचं होतं, मी आलोय.

"हालो! हालो!"

जर्मन माणूस हा शब्द स्वागतालाही वापरतो आणि चोर पकडायलाही. फरक सुरात असतो. मागे वळलो तर एक सडसडीत म्हातारी बाई, हातात स्वतःची झारी, गुडघ्याला पट्टा. तिने हाराकडे पाहिलं, उदबत्तीकडे पाहिलं, वडीकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग एकामागून एक प्रश्न विचारले. मी हात जोडलेलेच ठेवले. तेवढंच येत होतं.

गौरी धावत आली. दोघींचं बोलणं झालं. गौरीचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"बाबा, ही ह्यांच्या मिस्टरांची कबर आहे! ह्या उर्सुला ब्योमे. जिवंत आहेत. त्या विचारतायत, तुम्ही डीटरना कसे ओळखता? ते हीटिंगची कामं करायचे. परदेशी कधी गेले नव्हते." ती थांबली. "आता विचारतायत, की गेले होते? नीट आठवून सांगा म्हणतात."

फ्राऊ ब्योमेंच्या, म्हणजे ब्योमेबाईंच्या चेहऱ्यावर, आयुष्यभराच्या संसारानंतर, पहिल्यांदाच संशय उमटला होता. मी घाईघाईने हात हलवून डीटरना निर्दोष ठरवलं. गौरीने सगळं सांगितलं, सांगलीपासून लिंडनरांपर्यंत. बाईंनी झारी खाली ठेवली.

"हेडी? हेडी क्नोब्लाऊख? लोकरीच्या दुकानातली?" आणि त्या हसल्या. "खालीच आहे की!"

मग जी प्रथा कळली ती आधी मला खरी वाटेना. इथे कबर कायमची नसते. ठरावीक वर्षांच्या मुदतीने मिळते, घरच्यांनी मुदत वाढवली नाही तर दगड काढून घेतात आणि जागा दुसऱ्याला देतात. हेडी बर्लिनची भिंत पडायच्या थोडं आधी गेली. तिच्यामागे मुदत वाढवणारं कुणी नव्हतं. डीटर गेले तेव्हा जागा रिकामी झालेली होती.

"आणि... ती?"

"ती कुठे जाणार? खाली ती, वर माझा डीटर," गौरी भाषांतर करू लागली. "चालतंय म्हणतात. डीटरना बायकांच्या तक्रारी ऐकायची सवय होती."

"हीच जागा का घेतली?"

"गेनाऊ, अगदी तेच मी विचारलं. नळ जवळ आहे म्हणाल्या. गुडघ्याला बरं."

आम्ही बाकावर बसलो. बाईंचं बोलणं थेट तिथल्या बोलीतलं, गौरीलाही मध्येमध्ये थांबवून विचारावं लागत होतं. हेडी परत आली, लोकर विकायला बसली आणि शेवटपर्यंत लोकरच विकत होती. गावाच्या कडेला तिची भाड्याची बाग होती, ब्योमेंच्या बागेला लागून. घेवड्याचे वेल कुंपणावरून पलीकडे गेले म्हणून दोन्ही घरांत बरीच वर्षं भांडण होतं. ती चर्चमध्ये गायची, बेसूर आणि सर्वांत मोठ्याने. एका रविवारी भरपेट जेवली, खुर्चीत डुलकी काढली आणि उठली नाही. नव्वदीला टेकली होती.

"सिनेमाबद्दल काही बोलायची?"

"सगळ्यांना माहीत होतं म्हणतात. पण त्या काळात, पूर्व जर्मनी असताना, कुणी कुणाला परदेशाचं विचारत नसे." गौरीने ऐकून घेतलं. "एकदाच म्हणाली होती. अमेरिकेत कॉफी पातळ मिळते."

कुमुदची साडेतीनशे पानं, आणि नटीचं स्वतःचं म्हणणं एवढंच.

"आणि दिसायची कशी, म्हातारपणी?"

फ्राऊ ब्योमेंनी जरा विचार केला. मग त्या गुडघा सांभाळत उभ्या राहिल्या, दोन पावलं मागे गेल्या, म्हणाल्या की भांडताना ती अशी करायची, आणि त्यांनी मान वळवली. हनुवटी किंचित वर, डावा गाल पुढे, नजर कुठेतरी लांब. अशाच त्या थांबल्या, जणू तिकडून कुणी दिवा धरला आहे. "घेवड्यावरून बोलतानासुद्धा!" त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तिसऱ्या प्रकरणात कुमुदने लिहिलं होतं, 'भांडणातही ती कॅमेऱ्याला डावा गाल द्यायला विसरत नसे.' ते वाचून मी तिला म्हटलं होतं, "भांडताना तू होतीस का तिथे?" ती म्हणाली होती, "होते." लिंडनरांच्या एकाही खोक्यात हे नव्हतं.

मी उठून कलंडलेली उदबत्ती सरळ केली. फ्राऊ ब्योमेंनी सभ्यपणे काही विचारलं नाही. उदबत्ती संपत आली तेव्हा त्यांनी वडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि गौरीला काही विचारलं.

"आईची कबर कुठे आहे, विचारतायत."

"सांग, नदीत. कृष्णा-वारणेच्या संगमावर."

बाईंनी ते नीट समजून घेतलं. दगड नाही, कुंपण नाही, क्रमांक नाही. मग काळजीने म्हणाल्या, "पण मग पाणी कोण घालतं? आणि रविवारी तुम्ही जाता कुठे?"

 ती गेल्यापासून मी रविवारी तिच्या टेबलाशी बसत होतो. हे गौरीच्या तोंडून सांगायचं नव्हतं.

"हार रविवारपर्यंत राहू दे," निघताना त्या म्हणाल्या. "सुकला की काढीन. सुकलेलं ठेवलं तर नोटीस येते." मग हार जरा खाली सरकवून त्यांनी तो डीटरच्या नावावरून काढला आणि कोऱ्या जागेच्याही खाली, मातीला टेकेल असा ठेवला. "तिचा तिला."

सांगली

शेवटचं प्रकरण लिहायला मला पावसाळा गेला. त्यात हॉटेल नाही. लोकर आहे, घेवडा आहे, बेसूर गाणं आहे आणि रविवारची डुलकी आहे. प्रकाशकांनी वाचून फोन केला.

"सर, बाई दुकान चालवते, भांडते, जेवते आणि मरते? ह्यात शोकांतिका कुठे आहे?"

"नाही."

"वाचक काय म्हणतील? निदान खिडकीवर पाऊस तरी घाला."

"पाऊस पहिल्या पानावर आहे," मी म्हटलं. "तो पुरे."

त्याच पानाबद्दल डॉक्टर लिंडनर यांचीही ईमेल आली होती. पाऊस काढून टाकावा अशी त्यांची नम्र सूचना होती, सोबत गिरणीवाल्याच्या नोंदीची प्रत. शेवटी त्यांनी कळवलं होतं की त्या कांजिण्याच होत्या. मी अभिनंदन केलं. पावसाला हात लावला नाही. ती कोरडी दुपार होती हे मला आता पक्कं माहीत आहे, आणि कुमुदला ते कधी माहीत नव्हतं.

पुस्तक वर्षश्राद्धानंतर आलं, थोड्या उशिराने. मी तिचं टेबल आवरलं. भिंग तेवढं खिशात ठेवलं. आणि रविवारी हरिपूरला संगमावर गेलो. घाटावर दोनचार माणसं होती, कुणी ओळखीचं नव्हतं. शेवटच्या पायरीवर बसून पहिलं पान उघडलं आणि नदीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचू लागलो.

'ती रात्र पावसाची होती.'